मुठेकाठी सात फोन आणि ‘फायफॉक्स’

१२ जुलै ही तारीख पुण्यात कोणाला समजावून सांगावी लागत नाही. १९६१ साली त्या दिवशी पानशेत धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याची भिंत गेली आणि मुठा पेठांमध्ये शिरली. यंदा त्याच तारखेला संध्याकाळी पावणेसात ते पावणेआठ या तासात आम्ही सात जण खडकवासल्यापासून संगमापर्यंत नदीच्या काठाने सात ठिकाणी थांबलो आणि प्रत्येकाच्या फोनने त्या तासाचा उजेड व आवाज नोंदवला. त्या नोंदींमधून एका वेबपानावर सात आडव्या पट्ट्यांचे चित्र उभे राहिले. पुढे वाई, नाशिक आणि नागपूर येथून आणखी काही जणांनी आपापल्या पाण्याकाठची पट्टी पाठवली. हे सर्व ज्या ॲपच्या आधाराने झाले, त्या ‘फायफॉक्स’चे हे परीक्षण आहे. निसर्ग आणि परिसर यांच्याविषयी इतरांच्या सोबतीने काही कलाकृती करू पाहणाऱ्या माणसाला ते कितपत उपयोगी पडते, एवढाच प्रश्न मी समोर ठेवला आहे.

फायफॉक्स मुळात कलावंतांसाठी बनलेले नाही. जर्मनीतील आखेन येथील आरडब्ल्यूटीएच विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र संस्थेत ते तयार झाले आणि २०१६ साली सर्वांसाठी खुले झाले. विद्यार्थ्यांना महागडी उपकरणे न घेता खिशातल्या फोनवर प्रयोग करता यावेत, हा त्यामागचा हेतू आहे. फोनमध्ये प्रवेग, परिवलन, चुंबकीय क्षेत्र, प्रकाश, वायुदाब, ध्वनी आणि स्थान टिपणारे सेन्सर असतातच. एरवी ते पडदा आडवा-उभा करणे, पडद्याचा उजेड कमी-जास्त करणे अशा किरकोळ कामांत गुंतलेले असतात. फायफॉक्स त्यांचे आकडे जसेच्या तसे आपल्यासमोर मांडते. ॲप मोफत आहे, त्यात जाहिराती नाहीत, त्याची संगणकीय संहिता सर्वांना पाहता येते, आणि ते अँड्रॉइड व आयफोन या दोन्हींवर चालते. आमच्या सात जणांत चित्रकलेचे शिक्षक होते, एक निवृत्त बँक कर्मचारी होत्या आणि अकरावीतला एक मुलगाही होता, त्यामुळे विनामूल्य आणि दोन्ही प्रकारच्या फोनवर चालणारे असणे ही आमच्या दृष्टीने पहिली अट होती.

ॲप उघडले की प्रयोगांची लांबच लांब यादी दिसते. त्यात सेन्सरचे कच्चे आकडे दाखवणारे प्रयोग आहेत, लिफ्टमध्ये चढताना उंची आणि वेग दाखवणारा प्रयोग आहे, आवाजाची वारंवारता उलगडून दाखवणारे प्रयोग आहेत. प्रयोग निवडायचा, वरचे त्रिकोणी बटण दाबायचे आणि आलेख रेखाटला जाताना पाहायचा. पहिल्याच दिवशी मी फोन खिडकीच्या कट्ट्यावर उताणा ठेवून प्रकाशाचा प्रयोग सुरू केला. आभाळात ढग सरकत होते. डोळ्यांना खोलीतला उजेड सारखाच वाटत होता, पण रेघ सतत वर-खाली होत होती. एक ढग सूर्यावरून जायला जेवढा वेळ लागला, तेवढी रुंद दरी आलेखात पडली. ही रेघ पाहिल्यावर हे साधन आपल्या कामाचे आहे याविषयी माझ्या मनात शंका उरली नाही.

सामूहिक कामासाठी मात्र सर्वांनी एकच प्रयोग, एकाच रीतीने करणे आवश्यक असते. त्यासाठी फायफॉक्समध्ये दोन वाटा आहेत. अधिकच्या चिन्हावरून हवे ते सेन्सर निवडून साधा प्रयोग तिथल्या तिथे बांधता येतो. त्याहून गुंतागुंतीचे काही हवे असल्यास त्यांच्या संकेतस्थळावरच्या संपादकात प्रयोग रचता येतो आणि तो क्यूआर कोडच्या रूपात दुसऱ्याला देता येतो. आम्हाला प्रकाश आणि ध्वनी यांची नोंद एकाच वेळी हवी होती, म्हणून माझ्या भाचीने संपादकात तो प्रयोग रचला. तिला दोन संध्याकाळी लागल्या. ज्याने संगणकाशी असे काम कधी केलेले नाही त्याला हा संपादक जड जाईल, हे मी स्पष्टपणे सांगितले पाहिजे; त्यातले चौकोन आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा यांचा अर्थ पटकन लागत नाही. पण एकदा प्रयोग तयार झाल्यावर तो वाटणे अत्यंत सोपे आहे. व्हॉट्सॲपवर कोडचे चित्र गेले, प्रत्येकाने घरातल्या दुसऱ्या फोनवर ते उघडून आपल्या फोनने टिपले, आणि पाच मिनिटांत सातही फोनवर एकच प्रयोग बसला. निवृत्त बँक कर्मचारी असलेल्या काकूंनी तो कोणाच्याही मदतीशिवाय बसवला.

१२ तारखेच्या आधीच्या रविवारी आम्ही सातही फोन आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर ओळीने ठेवले आणि दहा मिनिटे एकाच वेळी मोजणी केली. या कामातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट ही होती, असे आज मला वाटते. एकाच खोलीत, एकाच पंख्याखाली सर्वांत मोठा आवाज नोंदवणारा फोन आणि सर्वांत लहान आवाज नोंदवणारा फोन यांच्यात ११ डेसिबलचा फरक निघाला. प्रकाशाचेही तसेच झाले. खिडकीशेजारी ठेवलेल्या फोनांपैकी एक १,६०० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) आसपास दाखवत होता, तर त्याला चिकटून असलेला दुसरा २,१०० लक्सच्या पुढे होता. यात ॲपचा दोष नाही. ध्वनीच्या प्रयोगात दिसणारे डेसिबल हे मापन प्रमाणित केल्याशिवाय खरे मानू नयेत, ही सूचना फायफॉक्सच देते. प्रत्येक कंपनीचा मायक्रोफोन वेगळा, त्याचे भोक वेगळ्या जागी, त्यावर धूळ वेगवेगळी. प्रकाशाचा सेन्सर पडद्याच्या वरच्या कडेला काचेखाली असतो आणि त्या काचेवर कोणी जाड संरक्षक पट्टी चिकटवली असेल तर तोही मंद होतो.

त्या टेबलावर आम्ही जे ठरवले, त्यावर पुढचे सगळे काम उभे राहिले. एका फोनचा आकडा दुसऱ्या फोनच्या आकड्याशी ताडायचा नाही; प्रत्येक फोनची तुलना फक्त त्याच्याच आधीच्या क्षणाशी करायची. विठ्ठलवाडीपेक्षा म्हात्रे पुलावर किती डेसिबल जास्त, हे आमच्या चित्रातून कोणी विचारू नये. विठ्ठलवाडीला त्या तासात आवाज केव्हा चढला, केव्हा उतरला, हे विचारावे. आमच्यातल्या एकाची इच्छा होती की पट्टीच्या कडेला डेसिबलचे आकडे लिहावेत आणि शेजारी ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांतली मर्यादा, म्हणजे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, लाल रेघेने दाखवावी. त्याची कळकळ मला मान्य होती, तरीही मी विरोध केला. कायद्यातले डेसिबल हे माणसाच्या कानाच्या संवेदनशीलतेनुसार भार देऊन, तपासलेल्या यंत्राने मोजलेले असतात. आमच्या फोनचे डेसिबल त्या जातीचे नव्हते. तक्रारीसाठी प्रमाण यंत्र हवे. तासाभराच्या चढउताराचे चित्र काढण्यासाठी फोन पुरेसा आहे. ज्यांना आवाजाचा नकाशाच करायचा आहे, त्यांनी फ्रान्समधील गुस्ताव्ह आयफेल विद्यापीठ आणि तिथल्या राष्ट्रीय संशोधन केंद्राच्या संशोधकांनी केलेले ‘नॉइजकॅप्चर’ पाहावे. त्यात लोकांनी मोजलेला आवाज एका सामाईक नकाशावर जमा होतो. मात्र तिथे फक्त आवाजाची सोय आहे, आणि आम्हाला उजेडही हवा होता.

१२ तारखेला दुपारपासून भुरभुर पाऊस होता. माझी जागा भिडे पुलाजवळ होती. फोन भिजू नये म्हणून मी तो पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घातला, तोंड रबराने बंद केले आणि नदीपात्राच्या कडेच्या कठड्यावर पडदा आभाळाकडे करून ठेवला. साडेसातच्या सुमारास पावसाची एक सर आली. ती सर नदीवर, रस्त्यावर आणि माझ्या छत्रीवर सारखीच पडत होती, पण फोनला ती फार जवळून ऐकू आली, कारण पिशवीचे ताणलेले प्लास्टिक चामड्यासारखे वाजत होते. एकेक थेंब आलेखात सुईसारखा उभा राहिला. आधी मला वाटले की ही नोंद वाया गेली. घरी आल्यावर पट्टी पाहिली तेव्हा त्या सुयांची दाटी हळूहळू वाढत जाते आणि मग विरळ होत जाते, हे दिसले. सर कशी आली आणि कशी गेली याचे याहून नेमके चित्र मला हाताने काढता आले नसते. आम्ही ती तशीच ठेवली आणि पट्टीखाली फोन पिशवीत होता असे लिहिले. यापुढे पावसात हे काम करणाऱ्यांनी पिशवी वापरावी, पण मायक्रोफोनच्या बाजूचे प्लास्टिक सैल सोडावे.

सव्वासातच्या पुढे पात्राच्या दुसऱ्या बाजूने ढोल-ताशाचा सराव सुरू झाला. गणपतीच्या आधीचे दोन महिने नदीपात्रात ताडपत्रीखाली पथकांचा सराव चालतो, हे पुणेकरांना ठाऊक आहे. माझ्या पट्टीत ती वेळ बोट ठेवून दाखवता येते. आवाजाची रेघ एका मिनिटात चढली आणि नंतर जवळजवळ सपाट झाली. ती सपाटी खरी नाही, हे इथे नमूद करतो. ताशाचा प्रत्येक फटका एकसारखा नसतो, पण एका मर्यादेपलीकडच्या आवाजाला फोनचा मायक्रोफोन तोंड देऊ शकत नाही आणि वरचा भाग छाटला जातो. ओंकारेश्वराजवळ थांबलेल्या आमच्या सहकाऱ्याच्या पट्टीतही तोच सराव दिसतो. तिथे मात्र रेघ छाटलेली नाही, आणि ठेक्याची बारीक वीण तिच्यात स्पष्ट उमटली आहे. एकच घटना जवळून आंधळी आणि दुरून रेखीव दिसावी, हे दोन पट्ट्या एकाखाली एक ठेवल्यावरच कळले.

ओंकारेश्वराच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगायला हवी. तिथल्या घाटावर दशक्रिया विधी होतात. तिथे मायक्रोफोन चालू ठेवून थांबणे योग्य आहे का, यावर आमच्यात गंभीर चर्चा झाली. या ठिकाणी फायफॉक्सचा एक स्वभाव आमच्या मदतीला आला. त्याच्या ध्वनीच्या या प्रयोगात बोलणे साठवले जात नाही. दर क्षणी आवाज किती मोठा होता, एवढा आकडाच फाइलमध्ये उतरतो. त्यातून कोणाचा शब्द, कोणाचे रडणे, कोणाचे नाव परत ऐकता येत नाही. ध्वनिमुद्रणावर उभे असलेले प्रकल्प मला मनापासून आवडतात. २००६ पासून जगभरातल्या लोकांनी आपापल्या गावचे आवाज ज्यावर ठेवले तो ‘रेडिओ अपोरी’चा नकाशा मी तासन्‌तास ऐकला आहे. पण सार्वजनिक जागी, न विचारता, दुसऱ्याच्या दुःखाचा आवाज घेऊन तो वेबपानावर ठेवणे मला जमले नसते. केवळ आवाजाची पातळी घेणे हे तिथे सभ्यपणाचे वाटले. स्थानाचा सेन्सर आम्ही याच विचाराने बंद ठेवला. जागेचे नाव हाताने लिहिले की पुरते. अक्षांश-रेखांशाच्या ओळीतून कोण कोणत्या घरून निघाले आणि कुठे परतले, हेही उघड होऊ शकते.

प्रकाशाविषयी लिहिताना दोन मर्यादा आधीच सांगतो, म्हणजे कोणाची ऐनवेळी निराशा होणार नाही. पहिली, आयफोनमध्ये प्रकाशाचा सेन्सर असला तरी बाहेरच्या ॲपना त्याचे आकडे मिळत नाहीत. आमच्यातल्या दोघांकडे आयफोन होते, म्हणून त्यांच्या पट्ट्यांत फक्त आवाज आहे आणि उजेडाची जागा आम्ही कोऱ्या कागदाच्या रंगाची ठेवली. दुसरी मर्यादा अधिक सूक्ष्म आहे. अँड्रॉइडमधला हा सेन्सर दर सेकंदाला आकडा सांगत नाही. उजेडात बदल झाला तरच बोलतो. त्यामुळे अंधार पडल्यावर, जिथे दिवा नाही अशा खडकवासल्याच्या जागी, नोंदी विरळ होत गेल्या आणि सात पस्तीसच्या पुढे जवळजवळ थांबल्या. भाचीने काढलेल्या पहिल्या चित्रात संगणकाने शेवटचा बिंदू आणि तासाचा शेवट यांना सरळ रेघेने जोडले होते, आणि ते पाहून तिथे मंद उजेड टिकून होता असा भास होत होता. आम्ही ती रेघ पुसली. सेन्सर गप्प आहे म्हणजे काही बदललेले नाही, आणि काही बदललेले नाही म्हणजे अंधार आहे, असे वाचून तो भाग गडद केला. म्हात्रे पुलावर याच्या उलट घडले. रस्त्यावरचे दिवे लागले त्या क्षणी पट्टी उजळली आणि त्यानंतर प्रत्येक वाहनाच्या दिव्याने तिच्यावर एक पांढरी रेघ ओढली. एकाच नदीवर, एकाच मिनिटाला, एका टोकाला रात्र झाली होती आणि दुसऱ्या टोकाला ती होऊच शकत नव्हती. आमच्या चित्रातला हा भाग लोक सर्वांत जास्त वेळ पाहतात.

चुंबकीय क्षेत्राचा प्रयोग आम्ही सोडून दिला. पुण्यात पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आकडा ४० मायक्रोटेस्लाच्या आसपास यायला हवा, पण पुलाच्या लोखंडी सळ्यांजवळ तो पाऊलभर सरकले तरी बदलत होता आणि नदीविषयी काहीच सांगत नव्हता. मुंबईच्या ट्राम विजेवर चालवायच्या ठरल्या तेव्हा कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा अलिबागला न्यावी लागली आणि १९०४ पासून ती तिथे आहे, हे त्या वेळी आठवले. पात्रातून मेट्रोचे खांब गेलेल्या शहरात हा सेन्सर वेगळ्या विषयासाठी वापरावा.

सर्वांत जास्त आनंद मला वायुदाबाने दिला, आणि तो अगदी अनपेक्षित होता. सातांपैकी तीनच फोनमध्ये वायुदाबमापक होते. स्वस्त फोनमध्ये तो सहसा नसतो. ते तीन फोन खडकवासला, म्हात्रे पूल आणि संगम येथे गेले. समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीच्या आपल्या शहरात जुलैत हा आकडा ९४० हेक्टोपास्कलच्या आसपास असतो, आणि दर नऊ मीटर चढलो की तो सुमारे एक हेक्टोपास्कलने घटतो. टेबलावरच्या मोजणीतून मिळालेला प्रत्येक फोनचा फरक वजा केल्यावर खडकवासल्याचा दाब संगमापेक्षा कमी निघाला, म्हणजे नदीचा उतार हवेच्या आकड्यात उतरला. तो अपेक्षित होता. अपेक्षित नव्हते ते असे की तिन्ही रेघा त्या तासात सावकाश, एकसारख्या चढत गेल्या. वर्दळ वेगळी, पाऊस वेगळा, फोनच्या कंपन्या वेगळ्या, आणि तरीही रेघा तिघी बहिणींसारख्या समांतर. नंतर वाचल्यावर कळले की हवेलाही भरती-ओहोटी असते. आपल्याकडे वायुदाब रोज सकाळी दहाच्या आणि रात्री दहाच्या सुमारास सर्वाधिक असतो, पहाटे व दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी. आम्ही संध्याकाळच्या चढावर होतो. १९२८ साली हवामान खात्याचे कार्यालय सिमल्याहून पुण्यात आले आणि शिवाजीनगरच्या त्या इमारतीला आपण आजही सिमला ऑफिस म्हणतो. त्या चौकातून मी आयुष्यभर जातो आहे, पण आत रोज टिपली जाणारी ही लाट माझ्या स्वतःच्या फोनमध्येही उमटते, हे मला साठाव्या वर्षी समजले.

नोंदी गोळा करताना फायफॉक्सचा नीटनेटकेपणा जाणवतो. मोजणी संपल्यावर ती तक्त्याच्या फाइलमध्ये बाहेर काढता येते आणि लगेच कोणालाही पाठवता येते. फाइलसोबत मोजणी कोणत्या घटकेला सुरू झाली आणि कोणत्या घटकेला थांबली, तसेच फोनचे व सेन्सरचे नाव काय, याची नोंद आपोआप येते. सात फोनांचे सात आरंभ एका वेळेवर आणण्यासाठी ही नोंद अत्यंत मोलाची ठरली. मोजणी ठरावीक उशिराने सुरू करून ठरावीक वेळाने आपोआप थांबवण्याची सोयही आहे. बटण दाबतानाचा हाताचा धक्का नोंदीत येऊ नये म्हणून ती सर्वांनी वापरावी. एक पथ्य मात्र पाळायचे. मोजणी चालू असताना ॲप पडद्यावर समोरच राहिले पाहिजे. राजाराम पुलावरच्या आमच्या मुलाला सात वाजून बारा मिनिटांनी आईचा फोन आला, त्याने तो घेतला, आणि त्याच्या पट्टीत तिथे चार मिनिटांची फट आहे. ती आम्ही भरली नाही. फोन विमान अवस्थेत ठेवून, बॅटरी भरून आणि बॅटरी वाचवण्याची सोय बंद करूनच निघावे.

फायफॉक्समध्ये जे नाही, त्याची जाणीवही असायला हवी. तिथे सर्वांच्या नोंदी एकत्र दिसतील अशी भिंत नाही, दालन नाही, एकमेकांशी बोलायची जागा नाही. प्रयोग रचताना आकडे परस्पर एखाद्या सर्व्हरला पाठवण्याची तजवीज करता येते, पण तो सर्व्हर आपला आपण उभारावा लागतो. आम्ही तो खटाटोप केला नाही. फाइली ईमेलने मागवल्या आणि भाचीने त्यांचे पान बनवले. ज्या गटात असे काम जाणणारे कोणीच नाही, त्या गटाला इथे अडचण येईल. मला स्वतःला ही उणीव फारशी खुपली नाही. रंग कोणता, जाडी कशाची, फट भरायची की ठेवायची, हे सगळे निर्णय तयार दालन असते तर दुसऱ्या कोणी आमच्यासाठी घेऊन ठेवले असते. २००६ साली अमेरिकेत ‘पिजनब्लॉग’ नावाचा प्रकल्प झाला होता. त्यात पाळीव कबुतरांच्या पाठीवर हवेचे प्रदूषण मोजणारी छोटी यंत्रे बांधून त्यांच्या नोंदी नकाशावर मांडल्या होत्या. त्या कलावंतांना यंत्रही स्वतःच बनवावे लागले. आम्हाला यंत्र आयते मिळाले, त्यामुळे उरलेले कष्ट आम्ही आनंदाने घेतले.

बाहेरगावच्या पट्ट्यांनी हे चित्र आणखी मोठे केले. त्याच तासाला नागपुरात अंबाझरी तलावाच्या काठावर थांबलेल्या एका बाईंनी पाठवलेली पट्टी पुण्याच्या पट्ट्यांखाली ठेवली, तेव्हा तिचा अंधार पंधरा-सोळा मिनिटे आधी सुरू झालेला दिसला. नागपूर पुण्याच्या पूर्वेला सव्वापाच अंशांवर आहे, म्हणजे सूर्य तिथे एकवीस मिनिटे आधी मावळायला हवा. पण ते उत्तरेलाही असल्यामुळे जुलैत तिथला दिवस थोडा मोठा असतो आणि फरक घटतो. घड्याळ दोन्हीकडे एकच, आणि संध्याकाळ मात्र राज्यावरून पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत आलेली. त्या बाईंना आमच्यापैकी कोणीही भेटलेले नाही. त्यांनी पट्टीसोबत एकच ओळ लिहिली होती की तलावावर आज वारा नव्हता.

आता कोजागिरीची तयारी चालू आहे. चांदण्याचा उजेड पौर्णिमेलाही एका लक्सच्या आतच असतो आणि फोनचा सेन्सर तिथे सरळ शून्य दाखवतो, हे आम्ही दोन पौर्णिमांना तपासून पाहिले. फायफॉक्स ब्लूटूथवरून बाहेरचे सेन्सरही जोडून घेते आणि ईएसपी ३२ सारख्या छोट्या इलेक्ट्रॉनिक पाटीसाठी त्यांनी तयार संहिता दिलेली आहे. तपकीर गल्लीतून तशी एक पाटी आणि मंद उजेड टिपणारा एक सेन्सर आणला आहे, आणि अकरावीतल्या मुलाने त्याची जोडणी करायचे अंगावर घेतले आहे. पहिली चाचणी खडकवासल्याला होईल, कारण सातांपैकी तेवढ्याच एका जागी चांदणे दिसण्याइतका अंधार पडतो.